सखूचा दाणा

टिकारामला लहानपणापासून एक वाईट खोड: दुसऱ्याच्या ताटावर फुंकर मारायची. स्वतःच्या आंबिलीवर मारावी, तर नाही. धाकट्या भावाच्या, कवडूच्या, वाटीतली पेज गरम आहे की गार, हे यानंच ठरवायचं, वाकून, गाल फुगवून. मी कितीदा त्याच्या पाठीत उलथणं घातलं. "तुह्या तोंडातला वारा तुह्या ताटात ठेव," म्हणायची. मोठा झाला, मिशा आल्या, मालगुजारी गेल्यावर गावच्या पंचायतीत खुर्चीवर बसायला लागला, देवळीच्या लोकांत उठबस वाढली म्हणून गळ्यात तुळशीची माळ घातली. खोड काही गेली नाही. बशी पाहुण्याची असो, ह्याची फुंकर आधी.

सखूला, माझ्या मेलेल्या सुनेला, कुळाच्या देवात मिळवायच्या दिवशी तर त्यानं सकाळपासून वीट आणला. चूल पेटली नाही तोच येऊन म्हणतो, "माय, पुनाजीबाबाले सांग, लवकर आटपा म्हणा. पुलगावचा कापसाचा अडत्या येणार हाय दुपारी."

"येऊ दे. तो सखूसाठी येते का?"

"मी हे मानत नाई, ठाऊक हाय ना तुले? दाणे, पाणी, हळद. लोकाईसाठी बसतो मी."

"बसायचं त मन लावून बस. नाईतर जा, ढोरं सोड."

तो गेला नाही. ढोरं सोडायला गेला असता तर बरं झालं असतं.

आम्हा गोंडांत, कुमऱ्यांच्या घरात मेलेल्या माणसाला माती दिली की झालं, असं नसतं. त्याला परत घरी आणावं लागतं, कुळाच्या देवात, म्हणजे पेनात, मिळवावं लागतं. काशाच्या थाळीत पाणी, पाण्यावर चिमूटभर हळद, आणि तिच्यावर तांदळाचे दोन दाणे. एक पेनाच्या नावाचा, एक मेलेल्याच्या नावाचा. हलक्या हातानं सोडावे लागतात, नाहीतर बुडतात. ते आमच्या पुजाऱ्याच्या, पुनाजी भूमक्याच्याच हाताचं काम. दाणे तरंगत तरंगत एकमेकांना लागले, की जीव देवात गेला, त्याची कोणाविरुद्ध तक्रार उरली नाही. नाही लागले, तर घरातल्या कोणीतरी त्याला अडवून धरलं आहे. मग सोयरा त्या घरचा घास तोंडात घालत नाही, आणि घरातल्या नव्या लेकराला नावही ठेवता येत नाही.

सखू माझी धाकटी सून. तिला दुसरी पोट्टी झाली तेव्हा मी घरी नव्हते. आर्वीकडे माझा भाऊ वारला होता, तिथं होते. बाळंतिणीचं रक्त थांबेना म्हणून कवडू मला आणायला निघाला, आणि निघताना बायकोला सांगून गेला की उद्या पहाटे दादाची कापसाची गाडी पुलगावला जाते, तिच्यात बस, दादा तुले रेल्वेनं सेवाग्रामच्या दवाखान्यात पोचवून देईन. आम्ही मायलेक परतलो तर दाराशी बायका बसलेल्या. टिकाराम ओट्यावर डोकं धरून. म्हणाला, "तिनंच नाई म्हटलं, माय. परक्या माणसाचा हात लागू देणार नाई म्हणे. मी काय बांधून नेऊ?"

सगळ्यांनी ते खरं धरलं. सखू होतीच तशी लाजरी. भासऱ्याची, म्हणजे थोरल्या दिराची, सावली दिसली तरी पदर तोंडावर ओढायची.

परसात साजाच्या झाडाखाली पेनाचं ठाणं आहे. तिथं आम्ही बसलो. पुनाजीबाबा मध्ये, थाळी त्याच्यापुढं. थाळीच्या पलीकडं थोरला म्हणून टिकाराम, शेजारी कवडू. ह्या बाजूला मी, माझ्यामागं थोरली सून सुंदरा, मांडीवर दोन लेकरं घेऊन: एक तिचं स्वतःचं, एक सखूचं, बिननावाचं. दोघींना तीच पाजत होती. सखूचा बाप नत्थू सलाम जरा दूर, उन्हात. सकाळी आला तेव्हापासून त्यानं आमच्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. ते रीतीचंच होतं, पण माझ्या पायाला हात लावतानाही त्यानं मान वर केली नाही.

"इहीनबाई," एवढंच बोलला, "माही पोट्टी अडाणी निघाली. जिवापुढं लाज धरली तिनं. आम्हीच शिकवलं नाई."

पुढं कधीतरी त्यानं मला सांगितलं, की पोरीला माती दिल्यापासून त्याला रडूच आलं नव्हतं. रडू यायला लागलं की राग यायचा. गाडी दाराशी उभी असताना नाही म्हणणाऱ्या पोरीसाठी कसं रडायचं, असं त्याच्या मनात यायचं.

पुनाजीबाबानं आमच्या जुन्या बोलीत पेनाला हाक मारली. टिकारामच्या पोरांना त्यातलं आता एक अक्षर कळत नाही. पहिला दाणा सोडला, पेनाचा. दुसरा सोडला, सखूचा. पेनाचा मध्ये थांबला. सखूचा हळदीतून सरकत सरकत गेला आणि थाळीच्या काठाला लागून बसला.

"वारा हाय जरासा," टिकाराम म्हणाला.

वारा नव्हता. साजाचं पान हलत नव्हतं.

बाबानं पाणी बदललं. पुन्हा हळद, पुन्हा दाणे. सखूचा दाणा पुन्हा काठाला. जशी ती घरात माणसं जमली की भिंतीला लागून उभी राहायची, तसा.

पुनाजीबाबा मागं सरकून बसला. "धरून ठेवलं हाय तिले. ज्याच्या मनात तिच्याविषयी काही असन, त्यानं पाण्यात बोट घाला, बोला आणि सोडा. मोठ्यानं बोलाचं काम नाई. तिले ऐकू जाते."

आधी कवडू. त्याची काय गत होती ते मला ठाऊक होतं, पोटचा आहे. निजल्यावर अंधारात तो मेलेल्या बायकोशी भांडायचा. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. त्यानं बोट बुडवलं आणि हळू बोलायचं तर रडत मोठ्यानंच बोलला, "मी तुले सांगून गेलतो ना वं? मंग काऊन नाई गेली? दोन पोट्ट्या माह्यावर टाकून... काऊन नाई गेली गाडीत?"

"सोड म्हण," बाबा म्हणाला.

"नाई सुटत, बाबा."

"मंग नुसतं म्हण."

"सोडलं," कवडू म्हणाला. पण त्याचं बोट पाण्यातून निघेना. शेवटी मीच त्याचं मनगट धरून काढलं.

नत्थूनं बोट घातलं, ओठ हलवले. मीही घातलं, मी काय बोलले ते माझं आणि तिचं. मग सुंदरा उठली. दोन्ही लेकरं माझ्या मांडीवर दिली आणि थाळीपाशी वाकली. बोट बुडवलं. तोंड उघडलं. आणि तिनं समोर नवऱ्याकडं पाहिलं.

टिकारामनं मिशीवरून हात फिरवला, बस्स.

"काही नाई," सुंदरा पाण्याला म्हणाली, आणि उठून तरातरा चुलीकडं गेली. दोन्ही लेकरं माझ्यापाशीच राहिली.

"तू, टिकाराम?" बाबानं विचारलं.

"माह्या मनात काय असन? मी त तिच्याशी कधी बोललोही नाई. भासरा हाओ मी तिचा." मग हसून, पंचायतीत हसतो तसं, "बाबा, लोकं भुकेले हाय. सोडा दाणे, होऊन जाऊ द्या."

तिसऱ्यांदा दाणे पडले. सगळे वाकले. टिकाराम सगळ्यांत जास्त. "पाहू द्या, पाहू द्या," म्हणत त्यानं गुडघ्यांवर हात टेकले आणि थाळीवर तोंड नेलं. काठाकडं निघालेला सखूचा दाणा थांबला, वळला आणि सरळ जाऊन पेनाच्या दाण्याला चिकटला.

"मिळाली!" कोणीतरी ओरडलं. ढोल वाजला. नत्थू उन्हातून उठून आला आणि त्यानं कवडूला मिठी मारली. "मिळाली रे, पोट्टी मिळाली." कवडू नुसता उभा. बायका ओवाळायला धावल्या. टिकाराम मागं सरला, गमछ्यानं तोंड पुसलं. "झालं ना? उगीच घाबरून राह्यलते सगळे."

मी थाळीकडं पाहत होते. पाण्यावर हळद पसरून टाकलेली असते, पातळ साईसारखी. आता ती तशी नव्हती. टिकारामच्या बाजूनं पाणी उघडं पडलं होतं, स्वच्छ, आणि सगळी हळद माझ्या बाजूला ढकलून गोळा झाली होती. मधून एक रेघ, जशी केरसुणीनं अंगण झाडावं. वाटीतल्या पेजेवरची साय अशीच एका अंगाला जाताना मी त्याच्या लहानपणी हजारदा पाहिली आहे.

पुनाजीबाबानंही पाहिली. त्यानं माझ्याकडं पाहिलं. घर माझं होतं.

मी तोंडाची फटकळ, हे नाचणगावापासून देवळीपर्यंत ठाऊक आहे. पण त्या घडीला माझी जीभ टाळूला लागली. बोलावं, तर सोयरे जेवणावरून उठतील. कुमऱ्यांच्या थोरल्यानं पेनाच्या थाळीत फुंकर मारली, ही गोष्ट महिन्याच्या आत साऱ्या गोंडांच्या गावांत जाईल. माझ्या नातींना कोण सोयरीक देईल? न बोलावं, तर सखू दाराबाहेर उभी राहील, जन्मोजन्म, आणि आत आम्ही तिच्या नावाचा भात खाऊ. बिननावाचं लेकरू माझ्या मांडीवर माझा पदर चोखत होतं.

मला एक गोष्ट कळेना. सकाळपासून म्हणतो मी मानत नाही. मग फुंकर काऊन?

मी लेकरं उचलून चुलीकडं गेले. सुंदरा चुलीवरच्या भाताच्या गुंडाकडं पाठ करून बसली होती.

"सुंदरा, 'काही नाई' म्हणायले कोणी पाण्यात बोट घालत नाई."

"आत्या, भात लागून राह्यला."

"लागू दे. त्या पहाटे तू उठली होती का?"

ती पत्रावळी पुसायला लागली. पळसाची पानं, पुसायची गरज नसलेली.

"पान फाटन," मी म्हटलं. "बोल."

"तुमचा पोरगा हाय तो, आत्या."

"ते मले सांगून राह्यली तू? मी जन्म देला त्याले. बोल."

मग ती बोलली. मान खाली, पानाकडं पाहत, जसं काही पानावर लिहिलेलं वाचते आहे. सुंदराला मी वीस वर्षं ओळखते. नवऱ्याविरुद्ध तिनं कधी माश्या हाकलल्यासारखाही हात हलवला नव्हता. पण दोन महिने सखूचं लेकरू तिच्या अंगावर पीत होतं, आणि तिला झोप लागत नव्हती, असं ती म्हणाली.

"सखू उठली होती. माह्या आधी. पोट्टी माह्या जवळ देली, गोधडी पांघरली आणि गाडीपाशी जाऊन उभी राह्यली, चाक धरून. मी म्हटलं थांब, मी सांगतो त्याईले. थांबली नाई. पदर तोंडावर घेतला आणि त्याईले बोलली."

"टिकारामले? सखू बोलली?"

"हो ना. 'दादाजी, मले घेऊन चला' म्हणे. इतकंच. पयल्यांदा बोलली ते त्याईच्याशी."

"मंग?"

"हे म्हणे, कापूस भरला हाय. तुह्या अंगाचं कापसाले लागन. डाग पडला की अडत्या गाडी फिरवून देते. उद्या रिकामी गाडी नेऊ." सुंदरानं नाक ओढलं. "गाडी निघाली. ते मागं मागं गेली, आत्या. नाल्यापर्यंत गेली. मी दोन लेकरं कुठं ठेवू? ओरडली मी, त हे वळून पाहत नाई. मंग ते नाल्यात बसली. मीच आणलं तिले, पाठुंगळी घेऊन. दुपारी गेली ते."

बाहेर ढोल अजून वाजत होता.

"आणि त्यानं सांगितलं तिनंच नाई म्हटलं."

"मले म्हणे, तू तोंड उघडलं त तुले माहेरी पोचवतो. माहेरी कोण हाय माह्या?" मग तिनं पहिल्यांदा वर पाहिलं. "मी बोट घातलं तवा सांगणार होती. तिलेच सांगणार होती, की मी तुले पुरली नाई. पण त्याईनं पाह्यलं."

मी लेकरं तिच्या मांडीवर ठेवली. "भात उतरव," म्हटलं, आणि बाहेर आले.

पंगत बसली होती. पत्रावळी वाढलेल्या, भात, उडदाचं वरण, वडे. रीतीप्रमाणं पहिला घास नत्थूचा. त्यानं घास कालवला होता, उचलला होता. बाकी सगळे त्याच्या हाताकडं पाहत होते.

"इवाई, घास खाली ठेवा," मी म्हटलं.

त्याचा हात तसाच राहिला.

"ठेवा खाली. तुमची पोट्टी अजून मिळाली नाई."

"माय!" टिकाराम उठला. "सोयऱ्यासमोर तमाशा करू नको. दाणे मिळाले, साऱ्याईनं पाह्यलं."

"साऱ्याईनं दाणे पाह्यले. मी तुहं तोंड पाह्यलं. पुनाजीबाबा, ते थाळी इकडं आणा."

पुनाजीबाबानं थाळी आणली, हलू न देता. हळदीची रेघ तशीच होती. त्यानं ती नत्थूपुढं धरली, मग कवडूपुढं. बाबा मला बोलला ते हळूच बोलला, "पेन फसला नाई, शकुबाई. पाणी फसलं." आणि थाळी साजाच्या मुळाशी उलटी केली.

"कापसाचं सांग," मी टिकारामला म्हटलं. "तूच सांग. मी सांगितलं त माह्या तोंडात राग येईन."

"कायचा कापूस?"

"डागाचा."

त्यानं सुंदराकडं पाहिलं. ती चुलीच्या दारात आली होती, दोन्ही लेकरं कडेवर. पूर्वी त्याच्या त्या नजरेनं ती आत गेली असती. आता ती पुढं आली, पंगतीच्या मधून चालत गेली आणि कवडूच्या शेजारी जाऊन मातीत बसली. सखूचं लेकरू तिनं कवडूच्या मांडीवर दिलं.

"ते गाडीपाशी आलती, भाऊजी," सुंदरा कवडूला म्हणाली. "तुमच्या सांगण्यापरमानं आलती. ह्याईनं नाई घेतलं."

कवडूनं लेकरू धरलं. त्याला ते नीट धरता येत नव्हतं, दोन महिन्यांत त्यानं घेतलंच नव्हतं. "दादा," तो म्हणाला, "ते बोलली तुह्याशी?"

"अरे, उद्या नेणारच होतो मी! मले काय ठाऊक ते दुपारीच... कापूस काय माह्या एकट्याचा होता? तुह्याच घरचा होता ना? गाडी फिरली असती त तूच बोलला असता."

ढोलवाल्यानं ढोल पायापाशी ठेवला.

नत्थूनं घास पत्रावळीवर ठेवला. हात पुसला नाही. "इहीनबाई," तो म्हणाला, "म्हणजे माही पोट्टी यायले तयार होती?"

"तयार?" मी म्हटलं. "नाल्यापर्यंत चालत गेली, इवाई. गाडीच्या मागं."

"चालत गेली," नत्थू म्हणाला. "माही सखू." आणि मग तो म्हातारा रडला, भाताच्या हातानंच तोंड झाकून, पोटातून, आणि त्याला थांबवायला कोणी उठलं नाही. कवडू लेकरावर वाकला होता. तो काय पुटपुटत होता ते मला ऐकू आलं. बायकोची माफी मागत होता, की मी तुले रोज बोललो.

टिकाराम उभाच. माळ बोटात धरून. "माय," तो हळू बोलला, "पुरे ना आता. जे झालं ते झालं. मी एक गाय देतो नत्थूबाबाले. वाटल्यास..."

"गाय देऊ नको. इथं ये."

तो आला. एवढा मोठा माणूस, मिशीला हळद लागलेली. त्याला ते ठाऊक नव्हतं. गमछ्यानं पुसूनही राहिली होती.

पुनाजीबाबानं थाळीत नवं पाणी भरलं. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, सोयऱ्यांना, शेजाऱ्यांना, अडत्याला सुद्धा, तो फाटकात येऊन उभा होता.

"टिकाराम, तू सकाळपासून सांगून राह्यला का मी मानत नाई. न मानणारा फुंकर मारत नाई रे. त्याले दाणे कुठं गेले त काय? सखूचा दाणा काठाले काऊन जाते, हे या परसात तुले एकट्याले ठाऊक होतं. तू भेला त्या दाण्याले. आमच्या साऱ्याईपेक्षा जास्त मानतं तू, म्हणून तुहा गुन्हा जास्त. ते मेल्यावर बोलली, तरी तू तिले दुसऱ्यांदा गाडीमागं टाकलं. आता माहं ऐक. आजपासून या पेनापुढं थोरला कवडू. मी मेली त माहा दाणा तो सोडन, तू नाई. गाडी, बैल, कापूस, सारं घे. ते तुहंच होतं, तेच राहू दे तुले. आता बाबा सखूचा दाणा सोडते, आणि तो कुठं जायचा तिथं जाईन. तू इथून ऊठ आणि त्या नाल्यावर जाऊन बस, जिथं ते बसली होती. तिथून तुहा वारा इथवर येत नाई."